घोरपड, मॉनिटर आणि आम्ही

आमच्या घरांत पैशांचे तंटे वहिनींकडे न्यावयाचे आणि शब्दांचे तंटे आमच्याकडे, अशी कामाची वांटणी फार वर्षांपासून ठरलेली आहे. पैशांचे तंटे पुष्कळ आणि शब्दांचे थोडे. त्यामुळें वहिनींना उसंत नसते आणि आम्ही बहुधा झोपाळ्यावर रिकामे बसलेले असतों. गेल्या महिन्यांत मात्र दिवेलागणीच्या सुमारास एका शब्दाचा तंटा आमच्यापुढें आला, आणि त्याचा निकाल देतांना आमची स्वतःचीच जी उलटतपासणी झाली ती वाचकांपुढें मांडावी असें वाटतें.

फिर्यादी होती आमच्या धाकट्या भावाची नात. ती सहावींत शिकते. आरोपी तिचाच चुलतभाऊ, नववींतला, म्हणजे आमचा नातू. त्या दिवशीं शाळेंत बाईंनीं तिला वर्गाची मॉनिटर नेमलें होतें. ही वार्ता तिनें मोठ्या अभिमानानें माजघरांत सांगितली. वहिनींनीं तिच्या हातावर साखर ठेविली. तोंच आमचे नातूसाहेब संगणकाच्या पडद्यावरचें एक चित्र दाखवीत बाहेर आले आणि म्हणाले, "मॉनिटर म्हणजे घोरपड. हें पाहा, इंग्रजींत लिहिलेंच आहे!" झालें. घटकाभरांत घरांतील सगळीं लहान मुलें तिला 'घोरपड, घोरपड' म्हणून चिडवूं लागलीं. मुलगी रडकुंडीस आली. "मी उद्यां बाईंना सांगणार, मला मॉनिटर व्हायचें नाहीं," असें तिनें जाहीर केलें, आणि मग दोन्ही पक्ष आमच्या झोपाळ्यापाशीं येऊन उभे राहिले.

"अप्पा, तुम्हीच सांगा," ती म्हणाली, "मॉनिटर म्हणजे घोरपड असतें का?"

आतां खरें सांगावयाचें तर असतें. निकाल तेथल्या तेथें देतां आला असता. परंतु 'मॉनिटर' हा शब्द कानावर पडला कीं साठाहून अधिक वर्षें आमच्या पोटांत कांहींतरी हलतें. "निकाल उद्यां संध्याकाळीं," असें म्हणून आम्हीं दोघांनाही जेवावयास पाठविलें, आणि रात्रीं निजानीज झाल्यावर कपाटांतले जाडजूड कोश खालीं काढले.

शब्द मूळचा लॅटिन. त्या भाषेंत 'मोनेरे' म्हणजे आठवण देणें, सावध करणें, चार शब्द सांगून ताळ्यावर आणणें. आणि हें काम करणारा तो मॉनिटर. इंग्रजींत या कुळांतलीं माणसें बरींच आहेत. होऊन गेलेल्यांची आठवण करून देणारी वास्तु ती 'मॉन्युमेंट'. 'मॉन्स्टर' म्हणजे आज आपण राक्षस समजतों. पण मुळांत तो देवांनीं धाडलेला इशारा, म्हणजे अपशकुन होता. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, भाषाशास्त्रज्ञ या लॅटिन क्रियापदाचें मूळ ज्या धातूशीं नेऊन भिडवितात तो आपल्या संस्कृतांतील 'मन्' धातूचाच सख्खा भाऊ. मन, मति, मनन, मंत्र हीं सारीं त्या घरचीं लेंकरें. मंत्र म्हणजे मसलत. ती ज्याच्याजवळ आहे तो मंत्री. तेव्हां वर्गांतला मॉनिटर आणि राज्यांतला मंत्री यांची पणजी एकच! आपलें मूळ काम वेळेवर सावध करण्याचें आहे याचा विसर दोघांनाही पडतो. हें कुळाचेंच लक्षण म्हणावें काय, तें वाचकांनीं ठरवावें.

शाळेंतल्या थोरल्या मुलाला मॉनिटर म्हणण्याची चाल इंग्लंडांत सोळाव्या शतकापासूनची आहे. परंतु या मॉनिटराचा जगभर बोलबाला झाला तो एका हिंदी युक्तीमुळें, हें फार थोड्यांना ठाऊक असेल. अँड्र्यू बेल नांवाचा एक स्कॉटिश धर्मोपदेशक 1789 सालीं मद्रासेच्या लष्करी अनाथ मुलांच्या शाळेचा अधीक्षक झाला. तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें काढीत आहेत आणि मोठीं मुलें लहानांना शिकवीत आहेत, असें त्यानें पाहिलें. तीच रीत त्यानें आपल्या शाळेंत चालू केली आणि 1797 सालीं लंडनला तिचा वृत्तान्त छापला. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकॅस्टर यानें लंडनच्या सदर्क भागांत तशाच धर्तीची शाळा काढली. एक मास्तर आणि शेंकडों मुलें, मधल्या सगळ्या पायऱ्यांवर मॉनिटर. खर्च अर्थातच थोडा. 'मद्रास पद्धति' म्हणून ती युरोप-अमेरिकेंत गाजली. आपल्या पंतोजींच्या शाळेंत धुळपाटीवर धाकट्याचा हात धरून थोरला मुलगा अक्षर गिरवून घेई, त्याहून यांत निराळें तें काय होतें? चाल येथली, नांव रोमचें आणि शिक्का विलायतेचा, असा हा प्रकार. फरक पडला तो एवढाच कीं, विलायतेंत मुलांची संख्या वाढली तसा मॉनिटर शिकवितां शिकवितां पहारा करूं लागला. लँकॅस्टरच्या शाळेंत खोड्या करणाऱ्या मुलाच्या गळ्यांत लांकडाचा ओंडका अडकवीत, नाहींतर त्याला टोपलींत घालून आढ्याला टांगीत. हात धरणारा गेला आणि नांव सांगणारा आला. आपल्याकडे हा शब्द आला तो या दुसऱ्या अर्थानें.

पुढें या शब्दानें समुद्रांतही उडी घेतली. अमेरिकेंतील यादवी युद्धांत जॉन एरिक्सन नांवाच्या स्वीडनमधून आलेल्या यंत्रज्ञानें एक विलक्षण चिलखती जहाज बांधलें. पाण्याबरोबर सपाट तक्तपोशी आणि वर फिरता बुरूज. शत्रूला हा चांगला धडा होईल म्हणून त्यानेंच त्याचें नांव 'मॉनिटर' ठेवविलें. 9 मार्च 1862 रोजीं त्याची दक्षिणेकडील लोकांच्या चिलखती जहाजाशीं गांठ पडली. कित्येक तास झुंज झाली आणि हार कोणाचीच झाली नाहीं. त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं तें वादळांत बुडालें. पण तशा बांधणीच्या सर्व जहाजांना मॉनिटर हें नांव चिकटलें तें चिकटलेंच. आमच्या वाचकांना नवल वाटेल, परंतु मुंबई बंदराच्या राखणीसाठीं मुद्दाम बांधलेलीं 'मॅग्डाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' हीं दोन मॉनिटर-जहाजें 1870 सालीं इंग्लंडांत पाण्यांत उतरलीं आणि सुमारें तीस वर्षें मुंबईच्या बंदराशीं निगडित राहिलीं. दोघांचीं नांवें 1868 च्या हबसाणावरील स्वारीवरून ठेविलेलीं होतीं. पुढें नभोवाणी आली. धाडलेला आवाज ठीक ऐकूं येतो कीं नाहीं हें पाहणारा मनुष्य आणि त्याचें यंत्र, दोघेही मॉनिटर झाले. त्यांतूनच दूरचित्रवाणीच्या खोलींतला आणि मग संगणकाचा पडदा निघाला. नातूसाहेबांनीं ज्या मॉनिटरावर घोरपड दाखविली तो हाच.

आतां घोरपडीकडे वळूं. येथें मात्र शब्दाची गोष्ट जरा वांकडी चालते. अरबी भाषेंत या प्राण्याला 'वरल' आणि कोठें कोठें 'वरन' म्हणतात. तो शब्द युरोपांत पोंचला तेव्हां जर्मन कानाला तो 'वार्नेन', म्हणजे सावध करणें, या त्यांच्या घरच्या क्रियापदासारखा वाटला. झालें, घोरपड ही इशारा देणारी पाल ठरली! नांव आलें म्हणजे कथा यावयास उशीर लागत नाहीं. नाईल नदीच्या कांठीं मगर येऊं लागली कीं घोरपड फूत्कार टाकून माणसांना सावध करते, अशी समजूत पसरली. नाईलकांठची घोरपड मगरीचीं अंडीं उकरून खाते हें मात्र खरें. तेव्हां मगर आणि घोरपड एके ठिकाणीं दिसत, आणि लोक आपल्याला सोयीचा अर्थ काढीत. दुसरा एक पक्ष म्हणतो कीं, घोरपड कधीं कधीं मागच्या पायांवर आणि शेंपटावर भार टाकून उभी राहते व मान उंच करून चौफेर पाहते, त्यावरून हें नांव पडलें. कांहीं असो, लिनियसनें 1758 सालीं प्राण्यांचीं जीं शास्त्रीय नांवें प्रसिद्ध केलीं त्यांत 'लॅसेर्टा मॉनिटर' हें नांव आहे. पुढें 1820 सालीं मेरेम नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें अरबी नांवाला लॅटिन प्रत्यय लावून 'व्हॅरॅनस' ही जाति केली, आणि आमची देशी घोरपड शास्त्रांत 'व्हॅरॅनस बेंगालेन्सिस' झाली.

हिंदुस्थानांतील साहेबलोक तिला यांपैकीं कांहींच म्हणत नसत. ते 'ग्वाना' म्हणत. इग्वाना हा अमेरिकेंतला प्राणी, आणि नांव कॅरिबियन बेटांवरील टाइनो लोकांचें; स्पॅनिशांनीं तें उचललें आणि इंग्रजांनीं आमच्या घोरपडीवर लादलें. 1886 सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशांत त्याची नोंद आहे. ऑस्ट्रेलियांत त्याचेंच 'गोअ‍ॅना' झालें. म्हणजे पाहा, आपल्याच बिळांत मुकाट्यानें राहणाऱ्या या प्राण्याला एकानें चुकून पहारेकरी केलें, दुसऱ्यानें चुकून अमेरिकन केलें, आणि उत्तरेकडे तर तिच्या पिलांना 'बिसखोपरा' म्हणून जहरी ठरविलें. वास्तविक घोरपडीच्या चाव्यानें माणूस मरत नाहीं.

आपल्या घरचीं नांवें याहून जुनीं. संस्कृतांत ती 'गोधा'. हिंदींत गोह, गुजरातींत घो, आणि सिंहलींत गोया. गोदावरीच्या कांठीं राहणाऱ्यांनीं येथें सावध असावें. आमची गोदा आणि ही गोधा यांत एका महाप्राणाचें अंतर आहे, पण नातें कांहीं नाहीं. तरी पंचवटीशीं तिचा अगदींच संबंध नाहीं असें नाहीं. धनुष्याची दोरी सुटून डाव्या हाताला लागूं नये म्हणून बांधावयाच्या चामड्याच्या पट्ट्यालाही 'गोधा'च म्हणत. विश्वामित्राबरोबर निघालेल्या रामलक्ष्मणांच्या हातांवर वाल्मीकीनें ती बांधलेली आहे. शिवाय ज्या पांच पंचनखी प्राण्यांचें मांस निषिद्ध नाहीं असें जुन्या शास्त्रकारांनीं सांगितलें, त्यांतही गोधा आहे. मरणोन्मुख वाली रामाला तें ऐकवितोसुद्धां. आमच्या शाकाहारी वाचकांनीं दचकूं नये. हा केवळ शब्दाचा शोध आहे.

मराठी माणसाला मात्र घोरपड म्हटलें कीं सिंहगड आठवतो. 1670 च्या फेब्रुवारींत तानाजी मालुसरे यांनीं गड घेतला, आणि 'यशवंती' घोरपडीच्या कमरेला दोर बांधून मावळे वर चढले, असें पोवाड्यानें घराघरांत पोंचविलें. मुधोळच्या घोरपडे घराण्याचें आडनांवही अशाच रीतीनें बहामनी काळांत खेळणा किल्ला चढल्यावरून पडलें, असें सांगतात. घोरपडीचीं नखें कपारींत रुतलीं म्हणजे ती सहजीं सुटत नाहीं, हें अनुभवाचें आहे. परंतु पांच-साडेपांच फुटांचा प्राणी, त्यांतली अर्ध्याहून अधिक शेंपटी, हत्यारबंद माणसाचें ओझें तोलील, हें इतिहासकारांना पटत नाहीं आणि आम्हांलाही पटत नाहीं. तथापि या चिकटपणाच्या कीर्तीनेंच तिचा घात केला. कंबरदुखीवर तिचें तेल, अंगांत बळ यावें म्हणून तिचें मांस, गोव्याच्या घुमटावर तिचें कातडें. घुमटाला आतां बकऱ्याचें कातडें लावतात, कारण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें घोरपडीला वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचींत बसविलें आहे. लक्ष्मी घरांत राहावी म्हणून शेंदूर लावून डबींत ठेवावयाची 'हत्ताजोडी' ही वनस्पतीची मुळी म्हणून विकली जाई. 2017 सालीं संशोधकांनीं उघडकीस आणलें कीं, बाजारांतली पुष्कळशी हत्ताजोडी म्हणजे घोरपडीच्या नराचा वाळविलेला अवयव आहे. ज्यांच्या देवघरांत अशी डबी असेल त्यांनीं ही ओळ पुन्हां एकदां वाचावी. उंदीर, भुंगे, किडे आणि मेलेलें जनावर खाऊन शेताची सफाई करणारा, वारुळांत अंडीं घालून निघून जाणारा हा जीव; त्यानें आजवर कोणाला सावध केलें नाहीं, आणि त्याला सावध करणारेंही कोणी भेटलें नाहीं.

कोश मिटले तेव्हां रात्रीचे साडेबारा वाजले होते. शब्दाचा निकाल हातीं आला होता. पण मुलीला सांगावयाचें तें कोशांत नव्हतें.

1961 सालचा पावसाळा. त्याच वर्षीं 12 जुलैला पुण्याचें पानशेत धरण फुटलें होतें. त्यामुळें नाशकासही नदीला जरा पाणी चढलें कीं मोठीं माणसें घाटावर जाऊन दुतोंड्या मारुतीकडे पाहून येत. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, मारुतीच्या कमरेला पाणी, ही आमच्या गांवाची पूर मोजण्याची फूटपट्टी. आमची शाळा नदीपासून फार दूर नव्हती. आम्ही आठवींत होतों आणि वर्गाचे मॉनिटर होतों. पहिला नंबर येई म्हणून नेमलेले. दुसरा कांहीं गुण आमच्या अंगीं होता असें वाटत नाहीं.

त्या दिवशीं गणिताचे मास्तर हजेरीपत्रक आणावयास कचेरींत गेले. जातांना नेहमींप्रमाणें म्हणाले, "जो जागेवरून उठेल त्याचें नांव फळ्यावर लिहून ठेव." खिडकीपाशीं एक मुलगा बसे. त्याच्या वडिलांचा टांगा रविवार कारंज्यावर उभा राहत असे. मुलाला नादारी होती, म्हणजे फी माफ होती, आणि नादारी टिकावयाची तर वर्तनाचा शेरा चांगला असावा लागे. तो खिडकींतून बाहेर पाहतां पाहतां एकदम उभा राहिला आणि ओरडला, "घोरपड!"

पाण्यानें बिळांतून हुसकलेली एक मोठी घोरपड शाळेमागच्या पडक्या भिंतीवर चढत होती. ओलें, मातकट अंग. मध्येंच थांबून ती मान उंच करी आणि दुभंगलेली जीभ बाहेर काढी. सबंध वर्ग खिडकीशीं लोटला. आम्हीही गेलों. हें मुद्दाम सांगतों, कारण फळ्यावर तें लिहिलें गेलें नाहीं.

इतक्यांत व्हरांड्याच्या टोकाला मास्तरांची काळी टोपी दिसली. ती सर्वांत आधीं आम्हांला दिसली. "मास्तर आले" एवढे दोन शब्द आम्हीं उच्चारले असते तर चाळीसही मुलें क्षणांत जागेवर बसलीं असतीं, आणि त्या दिवसाची आठवण आज कोणालाच नसती. आम्ही एक अक्षर बोललों नाहीं. फळ्याकडे धांवलों, खडू घेतला आणि एक नांव लिहिलें. एकच. त्याचें. कारण खिडकीशीं उभ्या असलेल्या मुलांत मास्तरांचा भाचा होता, आमच्या वडिलांच्या स्नेह्यांचे दोन मुलगे होते, आणि शाळा सुटल्यावर वाटेंत गांठतील असे तिघेचौघे होते. आमच्या दारीं तक्रार घेऊन ज्याचें कोणी येणार नव्हतें असा एकच होता. तेरा वर्षांच्या मुलाला एवढा हिशेब कोणी शिकविला नव्हता; तो आपोआप जुळला, हीच त्यांतली भयंकर गोष्ट.

त्याला छड्या बसल्या. वर्तनाचा शेरा बिघडला, नादारी गेली. दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं. शाळेनें न्याय केला कीं अन्याय, तें आम्ही आज उकरीत नाहीं. शाळेपुढें पुरावा एवढाच होता, आणि तो आमच्या हस्ताक्षरांत होता. पुढें टांग्यावर वडिलांच्या शेजारीं लगाम धरून बसलेला तो आम्हांला दोनदां दिसला. दोन्ही वेळां आम्हीं वाट बदलली.

यानंतर तेहेतीस वर्षें गेलीं. 1994 सालीं एका रात्रीं पंचवटी एक्स्प्रेसनें नाशिकरोडला उतरलों, पाऊस पडत होता, आणि जी रिक्षा समोर आली तींत बसलों. थोडें अंतर गेल्यावर रिक्षावाल्यानें आरशांत पाहून विचारलें, "तू मॉनिटर ना?"

आमचें नांव त्याला आठवत नव्हतें. आम्ही त्याच्या लेखीं मॉनिटरच होतों. टांगे गेले, रिक्षा आल्या, तसा तो टांग्यावरून रिक्षेवर आला होता. मुलगी नर्सिंग शिकत आहे म्हणाला. मग आपण होऊन म्हणाला, "ती घोरपड आठवते का रे? केवढी होती! तसली पुन्हां पाहिली नाहीं." द्वारका येईपर्यंत तो घोरपडीविषयींच बोलत होता. ती भिंतीवरून पलीकडे कशी उतरली, तिची शेंपटी शेवटीं कशी दिसेनाशी झाली, हें सारें त्याला आठवत होतें. कारण बाकीचे फळ्याकडे वळले तेव्हां तो एकटाच खिडकींतून बाहेर पाहत राहिला होता. आम्हांला घोरपड आठवते ती तेवढी अर्धी, भिंतीवर चढणारी. उरलेली त्याच्यापाशीं होती.

रविवार कारंजा आला. सबंध वाटेंत तोंडाशीं आणलेलें वाक्य तोंडांतच राहिलें. त्यानें ठरलेले पैसे घेतले, उरलेले मोजून परत दिले, आणि "बरें आहे, मॉनिटर" म्हणून निघून गेला. त्याच्या बोलण्यांत राग होता कीं नव्हता, हें आम्हांला आजतागायत उमगलेलें नाहीं. पुढें स्टेशनावर चारदोनदां त्याला शोधलें. तो भेटला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दोन्ही पक्ष झोपाळ्यापाशीं हजर झाले. आम्हीं हें सारें त्यांना सांगितलें. लहान मुलांना हें सांगावें कीं न सांगावें, असा प्रश्न वहिनींनीं डोळ्यांनीं विचारला होता. पण निकाल देणाऱ्याचें तोंड स्वच्छ आहे कीं नाहीं हें पक्षकारांना कळलें पाहिजे, असें आमचें मत पडलें. नातू गंभीर झाला. नात बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "अप्पा, तुम्हीं सगळ्यांचीं नांवें कां नाहीं लिहिलींत?"

"भीति वाटली," आम्ही म्हणालों.

"आणि स्वतःचें?"

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें, आणि तसें आम्हीं सांगितलें.

मग निकाल दिला तो असा. मॉनिटर म्हणजे घोरपड, हें नातवाचें म्हणणें कोशाप्रमाणें खरें. परंतु घोरपडीला तें नांव चुकून मिळालें आहे, तेव्हां त्यावरून बहिणीला चिडविणें हें चुकीवर चूक. मॉनिटर म्हणजे सावध करणारा, आणि सावध करावयाचें तें ज्याच्यावर संकट येत आहे त्याला, आधीं. मास्तरांना नंतर कळविण्यास मॉनिटर लागत नाहीं. त्याला खडू पुरतो.

"आणि सांगूनही कोणी ऐकलें नाहीं तर?" नातीनें विचारलें. फिर्यादीची मुलगी हुशार आहे.

"तर मग लिही. पण ज्याची तुला भीति वाटते किंवा जो तुला आवडतो, त्याचें नांव आधीं लिही. मग उरलेल्यांचीं."

ती मॉनिटर झाली. पहिल्या आठवड्यांत तिनें दोनदां सावध केलें, तिसऱ्यांदां खडू उचलला, आणि पहिलें नांव आपल्या जिवलग मैत्रिणीचें लिहिलें. मैत्रीण चार दिवस बोलली नाहीं. ते चार दिवस मुलीनें घरीं नीट जेवण केलें नाहीं, आणि आम्हांला वाटूं लागलें कीं म्हाताऱ्यानें आपलें ओझें उगीच पोरीच्या डोक्यावर ठेविलें. पांचव्या दिवशीं मैत्रीण स्वतःच डबा घेऊन शेजारीं येऊन बसली. नातू तिला अजून घोरपड म्हणतो. पण आतां ती रडत नाहीं, उलट नखें रोखून त्याच्या अंगावर जाते.

आम्ही मात्र अजूनही नाशिकरोडला उतरलों कीं रिक्षांच्या रांगेकडे एकदां पाहतों. त्या मुलाचें नांव आम्हीं येथें लिहिलेलें नाहीं. एकदां लिहिलें तेवढें पुरे झालें.